घड्याळाशीं शर्यत आणि माणसाशीं शर्यत

सायकलची शर्यत म्हणजे मांड्यांच्या बळाची परीक्षा, अशी रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाची समजूत असते. ती अर्धवट आहे. सपाट रस्त्यावर तासाला पंचवीस मैलांच्या वेगानें जाणाऱ्या स्वाराचें बहुतेक बळ वारा कापण्यांत खर्च होतें. आणि त्याच्या मागच्या चाकाशीं आपलें पुढचें चाक भिडवून जो येतो, त्याला तोच वेग सुमारें एकचतुर्थांश ते एकतृतीयांश कमी श्रमांत मिळतो. पुढचा मनुष्य मागच्याचें भाडें भरीत असतो म्हणा ना! मुंबई-पुणें शर्यत ज्यांनीं पाहिली असेल त्यांस हें निराळें सांगावयास नको. खोपोलीपर्यंतच्या सपाटीवर घोळका फोडणें कठीण जातें तें याच कारणानें. बोरघाटाचा चढ लागून वेग उतरला म्हणजे आडोशाची किंमत घटते, आणि मग जो तो आपापल्या दमावर उरतो.

रस्त्यावरील शर्यतींतले बहुतेक डावपेंच या एका वाऱ्यापासून जन्मास आले आहेत. असें असतां इंग्लंडांतील हौशी सायकलस्वारांनीं जवळजवळ अर्धें शतक दुसऱ्याच्या आडोशाचा हा प्रश्नच आपल्या खेळांतून हद्दपार केला होता. तो कां केला व परत कसा आला ही हकीकत, मनोधैर्य म्हणजे नुसतें सोसणें कीं आणखी कांहीं, या प्रश्नाशीं येऊन भिडते.

१८९४ च्या जुलई महिन्यांत 'नॉर्थ रोड' क्लबाची पन्नास मैलांची शर्यत चालू असतां एका बाईच्या गाडीचा घोडा बुजला, स्वार कोसळले, आणि बाईनें पोलिसांकडे तक्रार नेली. प्रसंग लहानसाच; परंतु त्या काळीं सायकलस्वारांवर प्रतिष्ठित लोकांचा राग फार होता. उद्यां सर्वच सायकली रस्त्यावरून उठवल्या जातील, या धास्तीनें 'नॅशनल सायक्लिस्ट्स यूनियन' या नियामक संस्थेनें रस्त्यावरील शर्यतींस बंदी केली. त्या शर्यतींत असलेल्या फ्रेडरिक टॉमस बिडलेक यांनीं यांतून पळवाट काढली. स्वारांनीं एकत्र सुटूंच नये. एकेक मिनिटाच्या अंतरानें एकटें निघावें, आणि घड्याळानें निकाल द्यावा. १८९५ च्या ५ ऑक्टोबर रोजीं अशी पहिली पन्नास मैलांची शर्यत झाली.

या खेळाचे रीतिरिवाज एखाद्या गुप्त मंडळीस शोभण्यासारखे होते. पहाटे उजाडतां उजाडतां निघावयाचें. लोकांच्या डोळ्यांत भरूं नये म्हणून खांद्यापासून घोट्यापर्यंत काळा पोशाख. मार्गाचें नांव सांकेतिक अक्षरांत. पुढचा स्वार गांठला तर त्याच्या मागें रेंगाळावयाचें नाहीं, बाजूनें निघून जावयाचें. पंचवीस, पन्नास, शंभर मैल. आणि ज्यांचें तेवढ्यानें समाधान होत नसे त्यांच्यासाठीं बारा व चोवीस तास. यांत मनाचा कस लागत नाहीं असें कोण म्हणेल? पहिल्या दहा मैलांत अंगांत उसना जोर असतो. तो जो उधळील तो शेवटल्या दहांत व्याजासह फेडतो. शेजारीं कोणी नसतें. प्रतिस्पर्धी पुढें आहे कीं मागें हें कळत नसतें. थोडें हळू गेल्यास काय बिघडलें, हा प्रश्न मन दर मैलाला विचारतें आणि त्याचें उत्तर दर मैलाला नव्यानें द्यावें लागतें. हें एक धैर्य झालें, व तें मोठें आहे.

मात्र तें पुरें नाहीं, हें यूरोपच्या मैदानांत दिसून आलें. १९२२ सालीं हौशी स्वारांची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत इंग्लंडांतच, घड्याळाच्या पद्धतीनें झाली. डेव्ह मार्श पहिला आला व पुढचे दोन्ही क्रमांकही इंग्रजांचेच. पुढच्याच वर्षीं झुरिक येथें सर्व स्वार एकत्र सोडण्यांत आले, आणि तो पराक्रम पुन्हां घडला नाहीं.

घोळक्यांत लागणारें धैर्य निराळ्या जातीचें आहे. तेथें पुष्कळ वेळ कांहींच न करणें हेंच काम असतें. अंगांत बळ असून तें न वापरणें, कोणी पुढें निसटला तर आतांच मागें जावें कीं दुसऱ्या कोणाला जाऊं द्यावें हें दोन-चार क्षणांत ठरवणें, आणि चुकलें तर मुकाट्यानें तें सोसणें, यांचा सराव एकांतांत होत नाहीं. पुढच्याचें चाक हातभर सुटलें कीं वारा अंगावर येतो, आणि तें हातभर अंतर भरून काढावयास जें लागतें तें नेमकें संपत आलेलें असतें. ज्या क्षणीं 'आतां पुरे' असें वाटतें त्याच क्षणीं शेजाऱ्यालाही बहुधा तसेंच वाटत असतें. आणखी अर्धें मिनिट जो टिकतो त्याचें फावतें. म्हणून चढावर धाप लागली तरी चेहरा शांत ठेवणें ही तेथें केवळ ऐट नव्हे. सर्वांत चमत्कारिक स्थिति निसटलेल्या दोघांची. एकमेकांच्या मदतीवांचून दोघेही पकडले जाणार. आणि आपण दिलेली मदत शेवटल्या दोनशें यार्डांत आपल्यावरच उलटणार. दुसऱ्याच्या आडोशास बसणें हा चोरटेपणा होय, असें घड्याळपंथीय पुष्कळांस वाटे. मला ती सोंवळेपणाची समजूत वाटते. आडोसा सर्वांस सारखाच मोकळा आहे. तो केव्हां घ्यावा व केव्हां द्यावा यांतच माणसाची परीक्षा आहे.

वुल्व्हरहॅम्प्टनच्या पर्सी स्टॅलर्ड यांस ही गोष्ट पटली होती. १९३३ व १९३४ सालीं जागतिक शर्यतींत ते इंग्लंडतर्फे धांवले होते, आणि लाइप्झिगला सातवे आले होते. महायुद्धांत पेट्रोलच्या टंचाईनें रस्ते ओस पडले, तेव्हां शर्यतींनीं रहदारी अडते हा आक्षेप आतां उरला कोठें, असें त्यांनीं यूनियनला लिहिलें. यूनियन बधली नाहीं. स्टॅलर्ड यांनीं मग पोलिसांची संमति मिळवली, आणि ७ जून १९४२ रोजीं वेल्समधील लँगॉलनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत एकूणसाठ मैलांची शर्यत भरवली. चौतीस स्वार निघाले, पंधरा पोंचले. अखेरच्या धांवेंत आल्बर्ट प्राइस यांनीं सेसिल अँस्लो यांस मागें टाकलें. शेवट पाहावयास हजारावर लोक जमले होते, व त्यांस आवरावयास पोलिसांनींच साहाय्य केलें. अठ्ठेचाळीस वर्षें ज्यांच्या भीतीनें बंदी पाळली, तेच पोलिस!

यूनियननें भाग घेणारांस निलंबित केलें. तिची भीति अगदींच खोटी होती असें म्हणवत नाहीं. खेळ जगावा म्हणून तिनें एकदां तह केला होता व तो ती प्रामाणिकपणें पाळीत होती. परंतु ज्या परिस्थितींत तह झाला ती बदलली हें तिला दिसलें नाहीं. त्याच वर्षाअखेर बंडखोरांनीं 'ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स' ही निराळी संस्था काढली, आणि पुढें सतरा वर्षें दोन्ही पक्षांत उभा दावा राहिला. १९४५ सालीं लीगनें ब्रायटनपासून ग्लासगोपर्यंत टप्प्याटप्प्यांची शर्यत भरवली. ती एका फ्रेंच स्वारानें जिंकली, यांत नवल कसलें? शिकणारांस शिकवणारा हवाच होता. १९५२ सालीं वॉर्सा-बर्लिन-प्राग या हौशी स्वारांच्या 'शांतता-शर्यतींत' लीगचा स्कॉटिश गडी इयन स्टील पहिला आला.

१९५९ सालीं दोन्ही संस्था एक झाल्या व एकत्र सुटण्याच्या शर्यती कायमच्या मान्य झाल्या. स्टॅलर्ड यांस मात्र हें एकीकरण म्हणजे विश्वासघात वाटला. तडजोड हा शब्द त्यांच्या स्वभावांत नव्हता. टीकेपायीं स्वतःच्या लीगनेंही त्यांस एकदां बाहेर काढलें होतें. उतारवयांत त्यांनीं वयस्क स्वारांसाठीं आणखी एक निराळी संघटना उभारली, आणि २००१ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या १९५९ च्या तहाविषयींचा त्यांचा राग गेला नाहीं.