अर्ध्या इंचाचा नळ

खानदेशातल्या शिरपूरसारख्या जुन्या गावात मातीच्या जाड भिंतीवरून लोखंडी नळ उघड्यावरच वर चढलेला दिसतो. मातीच्या भिंतीत खाच पाडली की भिंत ढासळते, म्हणून नळ पट्ट्या ठोकून बाहेरून न्यायचा, ही इथली रीत. नळ बहुधा अर्ध्या इंचाचाच. खाली न्हाणीत कोणी बादली लावली की स्वयंपाकघरातली धार करंगळीएवढी होते आणि बोल लागतो नगरपालिकेला. पुष्कळदा दोष त्या नळाच्या पोटात असतो. पण एवढा बारीक नळ घरात आला कसा, हे समजून घ्यायला जरा मागे जावे लागते.

नळाने पाणी आणण्याची विद्या खानदेशाला परकी नव्हती. खानदेशची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर. तिथे १६१५ साली अब्दुल रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भुयारातून, नुसत्या उतारावर, कुंडांच्या रांगेतून शहराकडे वळवले गेले आणि पुढे खापरी नळांतून वस्तीत खेळवले गेले. कुंडी भंडारा म्हणतात ती हीच योजना. पुढे १८८४ साली विश्वेश्वरय्या नावाचे तरुण इंजिनिअर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते पांझरेच्या खोऱ्यात पाटाचे पाणी पलीकडे नेणारे नळाचे सायफन. ज्या नदीवर शेतकरी फड पद्धतीने बंधाऱ्यांचे पाणी वाटून घेत आले, तिथेच त्यांनी हे काम केले.

ही कामे राजधानीची, नाहीतर शेतीची. सामान्य घरात पाणी डोक्यावरूनच येई: नदीवरून, आडावरून, बारवेवरून. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवण्याची सवय बारवेमुळे पडली आणि तिने नारूसारखा रोग गावोगाव पसरवला. देशात नारूचा शेवटचा रुग्ण सापडला १९९६ साली. बंदिस्त, नळाचे पाणी हे त्या काळी आधी आरोग्याचे साधन होते; सोय नंतरची.

म्हणूनच घरात पहिला नळ आला तेव्हा त्याच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. ओट्याजवळ नाहीतर अंगणात एक तोटी, तिच्याखाली हौद. पाणी ठरल्या वेळी यायचे. त्या वेळात हौद, रांजण, हंडे भरले की घर दिवसभर निश्चिंत. सगळी गरज जमिनीलगतच भागत होती, वर पाणी चढवायचेच नव्हते. त्या संसाराला अर्धा इंच पुरेसा होता आणि तो टाकणाऱ्या कारागिराचा हिशेब चोख होता. रस्त्यातल्या मोठ्या नळाला फेरूल बसवून जोडणी द्यायची, पाइपला डायने आटे पाडायचे, आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावायचा आणि पान्याने कॉलर आवळायची. असा सांधा चाळीस चाळीस वर्षे थेंब गळू देत नसे.

बदलले ते घर. धाब्याच्या जागी स्लॅब आला, स्लॅबवर टाकी, वरच्या मजल्यावर संडास-बाथरूम, मग गिझर, कपडे धुण्याचे यंत्र. शहरांसाठी सरकारी मापदंड आज माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. नळ मात्र आजोबांच्या वेळचाच राहिला.

त्यातही तो आतून बारीक होत गेलेला असतो. जस्ताचा मुलामा झिजला की लोखंड गंजते, जड पाण्यातला क्षार त्यावर बसतो. जुना पाइप करवतीने कापून पाहावा: आत तांबूस-काळे फोड, मधोमध पेन्सिल जाईल एवढेच भोक. सोळा मिलिमीटरच्या पोकळीत चहूबाजूंनी दोन-दोन मिलिमीटर थर चढला, की त्याच दाबाला पाणी निम्म्याहूनही कमी येते. उलट पाऊण इंचाचा नवा पाइप टाकला तर अर्ध्या इंचाच्या नव्या पाइपच्या दुपटीहून जास्त पाणी मिळते आणि एक इंचाला जवळजवळ चौपट. व्यास थोडा वाढतो, पाणी मात्र कितीतरी पटीने वाढते. हे गणित घरमालकाला कोणी नीट समजावून सांगत नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

त्याऐवजी लोक टिल्लू पंप आणतात. तो थेट नळाला लावून पाणी ओढले जाते तेव्हा शेजाऱ्याची तोटी कोरडी पडते, आणि गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी पिण्याच्या नळात शिरण्याची भीती असते. नगरपालिका त्याला मनाई करतात, पंप जप्तही करतात, ते योग्यच आहे.

नळ बदलण्याचे साहित्य खानदेशातच तयार होऊ लागले, हाही या इतिहासातला एक दुवा. जळगावात भवरलाल जैन यांनी १९७८ साली केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि १९८० पासून पीव्हीसी पाइप बनवायला सुरुवात केली. ते पाइप आधी शेतात गेले. घरातले लोखंड त्यानंतर हळूहळू हटले. प्लास्टिकला गंज नाही, क्षारही कमी धरतो. गरम पाण्यासाठी मात्र सीपीव्हीसीच हवा. साधा पीव्हीसी गिझरच्या ओळीवर नरम पडतो.

जुन्या घरात हे काम करताना प्लंबर बरेचदा आतला पाइप पाऊण इंची करतो आणि भिंतीबाहेरचा गंजका तुकडा तसाच ठेवतो. पाणी तिथेच अडते. टाकीतून खाली येणारी ओळ तर एक इंच किंवा त्याहून मोठीच हवी, कारण वरच्या मजल्यावरच्या तोटीला टाकीच्या दोन-तीन मीटर उंचीपलीकडे दाबच मिळत नाही. फेरूलपासूनचा भाग बदलायला नगरपालिकेची परवानगी लागते आणि रस्ता खोदावा लागतो. तो खर्च टाळण्यासाठी पुष्कळ घरांत आत नवा पाइप आणि बाहेर जुनाच, अशी अर्धवट दुरुस्ती होऊन राहते.