मापाचे वस्त्र

मराठी घरातील मानाची वस्त्रे पाहिली, तर त्यांतील बहुतेक सुईवाचून सिद्ध झालेली आढळतात. लुगडे, धोतर, उपरणे, शेला, पागोटे ही सारी मागावरून उतरली की अंगावर चढण्यास तयार. ओटी भरताना जो खण द्यावयाचा तोही अखंडच. त्याची चोळी शिवणे ही ज्या स्त्रीला तो मिळाला तिची गोष्ट. आहेर, मानपान, देवाला वाहिलेले वस्त्र यांतही तोच प्रकार. असे असूनही या घरांत सुई सदैव असे; फडताळाच्या कोपऱ्यात एखाद्या चिंधीला टोचून ठेवलेली ती हमखास सापडावयाची. मग ती शिवीत होती काय, आणि कोणासाठी?

अखंड वस्त्र कोणालाही देता येते. लुगडे देताना ते घेणारी स्त्री स्थूल आहे की कृश, हे जाणण्याचे कारण पडत नाही. दरबारी वस्त्रदान तर याहून परके. सातारच्या छत्रपतींनी पेशवाईची वस्त्रे दिली, असे आपण इतिहासात वाचतो, तेव्हा तेथे कापडापेक्षा पदच दिले जात असे. बादशाही खिलत अंगाबरहुकूम आहे की नाही, हे कोण पाहणार? ती मिळाली की नाही, एवढाच प्रश्न. 12 मे 1666 रोजी आग्र्याच्या दरबारात वजीर जाफरखान आणि जसवंतसिंह यांना खिलती मिळाल्या व शिवाजी महाराजांना मिळाली नाही, तेव्हा त्यांचा जो क्षोभ झाला तो वस्त्रासाठी नव्हता, हे सांगावयास नको.

शिवलेल्या वस्त्राची गोष्ट निराळी. ज्याच्या खांद्याची रुंदी ठाऊक आहे, ज्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत किती भरतो हे वीत लावून पाहिलेले आहे, त्यालाच ते देता येते. म्हणून घरच्या सुईने शिवलेली भेट ही मुळातच जवळच्या माणसाची भेट होय. तिचा पहिला मानकरी म्हणजे अर्थातच घरातील लहान मूल.

बारशाला मिळणारे झबले-टोपडे आणि कुंची ही मराठी घरांची खास निर्मिती. कुंचीची रचना मोठी हिकमती आहे. कापडाचा एक लांबट तुकडा मध्ये दुमडून वरची एक कड शिवली की डोक्याचा भाग तयार होतो, आणि उरलेले कापड पाठीवर झुलते. कात्री लावावी लागते ती नावापुरती. खणाच्या किंवा जुन्या रेशमी वस्त्राच्या या कुंचीला झालर लागते, गोटा लागतो, ऐपत असेल तर मोतीही लागतात. पण शिवण उसवली की खाली पुन्हा कापड ते कापडच उरते. गुळेदगुड्डच्या मागावर विणलेला खण आईच्या ओटीतून निघून लेकराच्या डोक्यावर असा चढत असे. झबल्याच्या बाबतीत बायकांचे धोरण आणखी पुढचे. मूल वाढणार हे गृहीत धरून शिवणीत बोट-दोन बोटे कापड आत दडवून ठेवावयाचे आणि दर सहा महिन्यांनी थोडे थोडे सोडवावयाचे. बहुतेक घरांत बाळाला पहिले काही दिवस नवे कापड घालीत नसत. आजोबांचे धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर, आजीचे विरलेले लुगडे, यांतच त्याला गुंडाळावयाचे. नव्या सुताची खळ कोवळ्या कातडीला बोचते, हे त्याचे व्यवहारी कारण. पण घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या अंगावरचे कापड सर्वांत धाकट्याच्या अंगावर जाते, हेही त्या बायकांच्या ध्यानाबाहेर नसावे.

महाराष्ट्राच्या भूमीत सापडलेल्या अतिप्राचीन धाग्यांपैकी एक धागा एका मुलाच्याच गळ्यात होता. प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. हसमुख सांकळिया यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तांब्याच्या गंजामुळे मण्यांतील दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते. तपासणीत त्या दोऱ्यात रेशीम व कापूस आढळला. ती माळ कोणी ओवली हे कधीच कळणार नाही. घरगुती शिवणकामाचा इतिहास लिहिणाऱ्याची हीच पहिली अडचण आहे. ही वस्त्रे वापरून संपविण्यासाठीच केलेली असत. झबल्याचे दुपटे, दुपट्याचे पोतेरे, आणि पोतेऱ्याची शेवटी राख.

वस्तू गेल्या तरी शब्द मात्र राहिले आहेत. सुई, दोरा, शिवणे हे शब्द घरचे. अस्तर फारसीतून आले. दर्जी हाही त्याच वाटेचा. पोर्तुगीजांबरोबर काज आला, फीत आली, आणि इस्त्रीही तिकडचीच असे भाषाकोविद मानतात. म्हणजे बंद आणि गाठी यांवर भागविणाऱ्या अंगरख्याला गुंडी अडकविण्याचे भोक मिळाले, ते नाव किनाऱ्यावरून घाटावर चढले. आज काजे करणाऱ्या कोणाला आपण पोर्तुगीज शब्द उच्चारतो आहोत याची जाणीवही नसते.

सुईचा व्यवसाय करणारा शिंपी गावगाड्यात अलुत्यांमध्ये गणला जाई. त्याच जातीत जन्मलेल्या नामदेवांच्या 61 रचना शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांतही सुईदोऱ्याची, कात्रीची रूपके येतात. परंतु शिंप्याचे आणि घरातील स्त्रीचे काम यांत भेद होता. शिंपी मापाने शिवी व त्याचे मोल घेई. ती अंदाजाने शिवी, आणि तो अंदाज बहुधा चुकत नसे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मात्र ही दोन्ही कामे एका दिवशी एका अंगणात येत. लग्नाआधी नवरीचा तांबडा पोशाख, ज्याला तेथे सादो म्हणतात, तो शिवण्यासाठी शिंप्याला नवरीच्या घरी बोलावीत. आप्त व शेजारी जमल्यावर त्यांच्यादेखत कापडाला कात्री लागे. शिवण ही येथे समारंभाची गोष्ट झाली. एरवी सण झाल्यावर वस्त्र मिळते. येथे वस्त्र बेतणे हाच सण.

एकोणिसाव्या शतकात सुई शाळेत गेली. अमेरिकन मराठी मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली, आणि 1827 मध्ये आलेल्या सिंथिया फॅरारबाईंनी मुंबईत व पुढे अहमदनगरास हे कार्य वाढविले. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचनाबरोबर शिवणकाम असे. हे शिक्षण थोडे तिरकसपणे पाहिले जाते. मुलींना पुस्तकाऐवजी सुई दिली, असा आक्षेप घेतात. तो अगदीच निराधार नाही. पण पुष्कळ पालकांनी मुलीला शाळेत धाडले ते सुईच्या निमित्ताने, आणि सुईच्या आडून अक्षरे आली, ही दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. पुढे 1909 मध्ये पुण्यास रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले, 1914 मध्ये बडोद्यास महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे उद्योगालय निघाले. आणि ज्या विधवेला माहेरी सासरी कोठेच थारा नव्हता, तिच्या हातातील घरगुती कसब प्रथमच पैशात मोजले जाऊ लागले. भेटीचे काम मजुरीचे झाले. त्यात काही हरवले असेल, पण त्या बाईला दोन वेळचे जेवण मिळाले, आणि त्यापुढे बाकीचा विचार गौण आहे.

यंत्र आले ते याच सुमारास घरोघर पोचू लागले. अमेरिकेत एलियास हाउ याने 1846 मध्ये आणि आयझॅक सिंगर याने 1851 मध्ये पेटंट घेतले. यंत्राच्या एका कारखानदाराने तेथे त्या काळी जाहीर केलेला हिशेब असा की, पुरुषी सदरा हाताने शिवण्यास 14 तासांहून अधिक वेळ लागे, तो यंत्राने सव्वा तासात होई. आकडा विक्रेत्याचा आहे हे लक्षात ठेवूनही फरक लहान नाही. यंत्रांचे कडवे टीकाकार असलेल्या गांधीजींनी 1924 मध्ये एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद केले. सिंगरने आपल्या पत्नीला हाताने शिवता शिवता कष्टताना पाहिले आणि तिच्यावरील प्रेमापोटी हे यंत्र शोधले, असे त्यांचे म्हणणे. वस्तुतः सिंगर हा असा पत्नीवत्सल गृहस्थ मुळीच नव्हता. त्याचे अनेक संसार होते. शिवण घेऊन घर चालविणाऱ्या पत्नीची कथा सांगतात ती हाउची. गांधीजींची माणसाची निवड चुकली, पण शिवणीमागे कोणाची तरी आठवण असते हा त्यांचा कयास चुकला नाही. 1944 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांना नेसविलेली साडी गांधीजींनी कातलेल्या सुताची होती. त्याच हातच्या सुताचे जाळीदार विणलेले एक वस्त्र 1947 मध्ये ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांना लग्नाची भेट म्हणून गेले. राजमाता मेरी यांना तो महात्म्याचा पंचाच वाटला आणि त्या रुष्ट झाल्या. रत्नांच्या राशीत घरच्या सुताची ओळख पटणे कठीणच.

वेशभूषेच्या बाबतीत घरची सुई थोडी खेळकर होते. मुलींचे पहिले शिवणकाम चिंधीच्या बाहुलीसाठी, बाहुला-बाहुलीच्या लग्नाच्या निमित्ताने होई. गोकुळाष्टमीला बाळकृष्णाचे अंगडे-टोपडे, शाळेच्या संमेलनात आईच्या जुन्या शालूतून निघालेला मावळ्याचा अंगरखा, ही तिचीच पुढची पायरी. कपडा आधी आणि पात्र मागून, असे रंगभूमीवरही घडले आहे. लुकासिन्य रिबेरो या गोवेकराने मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीचे वापरलेले पोशाख विकत घेतले, आणि 17 एप्रिल 1892 रोजी कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग झाला. त्याचे नाव ‘इटालियन भुरगो’ असावे यात नवल नाही.

परंतु घरच्या सुईचे सर्वांत मोठे काम म्हणजे गोधडी. गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणत, एवढी ही वस्तू लोकजीवनात मुरलेली. जुने लुगडे जमिनीवर अंथरावयाचे, त्यावर घरातील फाटकी वस्त्रे नीट बसवावयाची, वरून पुन्हा लुगडे, आणि कडेने धावदोरा घालीत चौकोनातून चौकोन काढीत मध्याकडे यावयाचे. दुपारी शेजारणी येऊन एकेक कड धरीत. हल्याळ, यल्लापूर या तालुक्यांत सिद्दी स्त्रिया हेच काम कवंदी या नावाने करतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. त्यांतील पुष्कळ गोव्यातून निसटून या रानांत आले. त्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात व त्यांना फूल म्हणतात. फुलावाचून कवंदी नागडी, असे त्या मानतात. ज्यांच्या पूर्वजांना अंगावरच्या वस्त्रापलीकडे काही आणता आले नाही, त्यांनी चिंध्यांनाही उघडे राहू दिले नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा घरगुती वस्तूंना जागा मिळाली, हे भाग्यच म्हणावयाचे. केळकरांनी बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले आणि 1975 मध्ये तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. तेथील वस्त्रांवर आणि भरतकामावर शिवणाऱ्या बायकांची नावे सहसा नाहीत. कारागिराने सही करावी, अशी त्या घरांची रीत नव्हती.

आता गोधडी दुकानात मिळते, परदेशीही जाते. आत नव्या कापडाचे तुकडे असतात, वरची शिवण बहुधा यंत्राची असते आणि माप पलंगाचे असते. जुन्या गोधडीचे माप लुगड्याच्या पन्ह्यावर ठरे. आणि आत काय आहे असे मुलाने विचारले, तर आजी बोट फिरवून सांगत असे : हा तुझ्या आजोबांचा सदरा, ही आत्याची परकरपोलक्याची पट्टी, आणि हे मऊ लागते ना, ते तुझेच झबले.