पंगतीबाहेरचा पासष्टावा

मे महिन्याचा शेवटचा सोमवार आला की आमच्या घरी रात्रीची जेवणे लवकर आटोपतात. पेटीतले उरलेसुरले आंबे बादलीत भिजत पडलेले असतात, शाळेला सुटी असते, आणि साडेनऊच्या सुमारास मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बेसबॉल स्पर्धेची यादी ऐकायला बसतो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की ज्या गृहस्थाने मॅट्रिकपुढे कॉलेजचे तोंड पाहिले नाही, त्याने सातासमुद्रापलीकडच्या कॉलेजांची काळजी का वाहावी? म्हणणे रास्त आहे. पण माझा भाचा नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात शिकायला गेला, तिथल्या बेसबॉल संघावर त्याचा जीव जडला, आणि त्याच्या मागोमाग माझाही. गोडी लागल्यावर पदवी कोण विचारतो?

बेसबॉल म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. विटीदांडू आणि क्रिकेट खेळलेल्या माणसाला तो अर्ध्या तासात कळतो. मला सांगायचे आहे ते मैदानाबाहेरचे. कोणाला बोलवायचे आणि कोणाचा पाट कुठे मांडायचा, याची ही हकिगत आहे.

ही स्पर्धा सुरू झाली १९४७ साली. मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावी अंतिम लढत झाली आणि कॅलिफोर्नियाने येल विद्यापीठाला हरवले. त्या येलच्या संघात पहिल्या बेसवर उभा राहणारा एक उंच तरुण होता, जॉर्ज बुश. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. पण ही स्पर्धा काही त्याला जिंकता आली नाही. दुसऱ्या वर्षीही येल अंतिम फेरीत हरले. १९५० मध्ये स्पर्धा नेब्रास्कातल्या ओमाहा शहरी गेली आणि तिथेच रमली. पंढरपूर म्हटले की जसा विठोबा, तसे कॉलेज बेसबॉल म्हटले की ओमाहा.

त्या काळी निवडीचा प्रश्न सोपा होता. देशाचे आठ विभाग, प्रत्येक विभागाचा एक संघ. त्यामुळे बर्फाळ उत्तरेलाही हक्काचे पान मिळे, आणि तिने ते पान नुसते अडवून ठेवले नाही. १९५२ मध्ये होली क्रॉस, १९५३ आणि १९६२ मध्ये मिशिगन, १९५६, १९६० आणि १९६४ मध्ये मिनेसोटा, १९६६ मध्ये ओहायो स्टेट असे उत्तरेचे संघ विजेते ठरले. पुढे संघ वाढत गेले, विभागांची वाटणी मागे पडली आणि वजन दक्षिणेकडे व पश्चिमेकडे झुकले. कारण उघड आहे. फेब्रुवारीत टेक्सास-फ्लॉरिडात ऊन पडलेले असते, तर मिनेसोटात मैदान बर्फाखाली. तिथली पोरे पहिले कित्येक आठवडे परक्या गावी, परक्या मैदानावर खेळत हिंडतात. सूर्य कोणत्याही समितीच्या हाताखाली नाही, हे कबूल. पण हिशेब मांडताना त्याचे नाव तरी घ्यावे!

१९९९ पासून चौसष्ट संघांची पंगत बसते. चार-चार संघांचे सोळा गट, त्यांचे सोळा विजेते दोन-दोन करून भिडतात आणि उरलेले आठ ओमाहाला जातात. चौसष्टांतले सुमारे तीस संघ आपापल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या संघटनेचे, विजेते म्हणून आपोआप येतात. बाकीचे समिती निवडते. या निवडीत बरीच वर्षे एका आकड्यावर मोठी भिस्त राहिली. त्याचे गणित आमच्या जुन्या आण्यांत सांगतो. रुपयातले चार आणे तुमच्या स्वतःच्या विजयांना, आठ आणे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना आणि उरलेले चार आणे त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना! म्हणजे स्थळ पाहताना मुलाच्या गुणांना पावली आणि सोयऱ्याधायऱ्यांना बारा आणे. २०१३ पासून एवढी दुरुस्ती झाली, की परक्या मैदानावरचा विजय घरच्या विजयापेक्षा जड धरला जाऊ लागला. उत्तरेच्या पोरांना तेवढाच दिलासा.

निवडीनंतर येते मानांकन. पूर्वी आठच संघांना देशपातळीवर क्रमांक मिळत, २०१८ पासून सोळांना मिळू लागले. लोकांना वाटते, हे क्रमांक म्हणजे भविष्य. तसे असते तर त्या ज्योतिष्याकडे कोणी पत्रिका नेली नसती. १९९९ मध्ये पहिल्या मानांकनाचा मायामी संघ जिंकला. त्यानंतर पहिल्या क्रमांकाला विजेतेपद मिळाले ते थेट २०२४ मध्ये, टेनेसीला. २०२५ मध्ये पहिला क्रमांक मिळवलेला व्हँडरबिल्ट तर आपल्या घरच्या गटातूनच बाहेर पडला. आणि २००८ चा फ्रेस्नो स्टेट? गटातला चौथा, म्हणजे शेवटच्या पाटावरचा पाहुणा. एकतीस सामने हरूनही तो अजिंक्य ठरला. जॉर्जियाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्याच्या सहाही धावा स्टीव्ह डेटवायलर या एकाच खेळाडूने आणून दिल्या, आणि त्याच्या अंगठ्याचा स्नायुबंध तुटलेला होता.

मानांकनाने प्रत्यक्षात मिळते ते घरचे मैदान. आपली माती, आपला आरडाओरडा, आपल्या बिछान्यावरची झोप. हे काही थोडे नव्हे. पण ज्याला कमी लेखले त्याला मैदानावर उत्तर देता येते. फ्रेस्नोने दिले. ज्याला बोलावलेच नाही, त्याने कुठे जाऊन खेळावे? आता माझ्या भाच्याच्या संघाची गोष्ट सांगतो.

२०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटची गाठ पहिल्या मानांकनाच्या आर्कान्साशी, तीही त्यांच्याच गावी पडली. पहिला सामना आमची मंडळी २१–२ अशी हरली. भाच्याने फोनवर सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "मामा, संपलं." दुसरा ६–५ आणि तिसरा ३–२ असा जिंकून ती ओमाहाला गेली! तिथे स्टॅनफर्डला हरवले. मग व्हँडरबिल्टच्या जॅक लायटरने पंधरा गडी बाद केले, तरी सामना आम्हीच १–० ने घेतला. ओमाहात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिसतो. शाळा बंद, गावात दुसऱ्या लाटेचे सुतक, आणि त्या आठवड्यात काही पहाटे आमच्या स्वयंपाकघरात चहाबरोबर थोडा आनंद उकळत होता.

अंतिम फेरी एका विजयावर आली असताना संघात करोना शिरला. तेरा खेळाडूंनिशी एक सामना खेळले, ३–१ असा हरले. दुसऱ्या दिवशी निर्णायक सामना होता, पण ओमाहात मध्यरात्र उलटल्यावर कळले की तो होणार नाही. व्हँडरबिल्टला पुढे चाल. रोगराईचे दिवस होते, नियम सर्वांना सारखे होते. तरी हरल्याशिवाय घरी जाणे म्हणजे काय, ते त्या पोरांनाच ठाऊक.

दुसऱ्या वर्षी, ३० मे २०२२ च्या सोमवारी, मी तांब्याला मोबाइल टेकवून बसलो. आदल्याच दिवशी आमचा संघ आपल्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत अंतिम सामना हरला होता. पण अंतिम सामन्यापर्यंत गेला होता, तेव्हा चौसष्टांत नाव येणार हे आम्ही गृहीतच धरले होते. सोळा गट वाचून झाले. नाव आले नाही. भाचा फोन धरून गप्प. मीही गप्प. सौभाग्यवतींनी न बोलता एक आंबा पिळून वाटी पुढे ठेवली.

त्या वर्षी शेवटचे पान मिळाले ते मिसिसिपीच्या ओल मिसला. मार्चमध्ये अग्रभागी असलेला हा संघ पुढे असा घसरला, की कॉन्फरन्समध्ये विजयांपेक्षा पराभव जास्त, १४–१६. त्यांना का घेतले म्हणून पुष्कळ ओरड झाली. आमच्या घरातूनही झाली. आणि त्या ओल मिसने मायामीत जाऊन मायामीच्या गटात बाजी मारली, ओमाहा गाठले, अंतिम लढतीत ओक्लाहोमाला सरळ दोन सामन्यांत हरवून विजेतेपद नेले!

समितीचे समर्थक म्हणाले, पाहा, आमची निवड बरोबर होती. मला मात्र हा पुरावा उलटा वाटतो. चौसष्टावा जर अजिंक्य होऊ शकतो, तर पासष्टाव्याविषयी कोणी खात्रीने काय सांगावे?

तरी समितीला शिव्या देताना माझी जीभ अडखळते. दरवर्षी तालुक्याच्या खो-खो स्पर्धेसाठी बारा नावांची यादी मीच करतो. एका वर्षी तेराव्या मुलाने यादी दोनदा वाचली, मग मला विचारले, "सर, पाण्याचा कॅन मी आणू का?" तो आला, कॅन उचलून आला. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. त्याला घेतले असते तर काय झाले असते, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

२०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट पुन्हा ओमाहाला पोचला. पहाटे भाच्याचा फोन आला. "मामा, उठलात का?"

मी केव्हाचा चहा टाकून बसलो होतो.