मिखोएल्स यांचा लिअर आणि राजाश्रय

यिडिश नट सॉलोमन मिखोएल्स यांची कारकीर्द बहुधा शेवटाकडून सांगितली जाते. 1948च्या जानेवारीत मिन्स्कमध्ये स्टालिनच्या हुकमाने खून, अपघाताचा बनाव आणि मग सरकारी इतमामात अंत्यसंस्कार. हे सारे खरे आहे. पण एवढेच सांगितले की नट हरवतो, बळी तेवढा उरतो. माझ्या मते राजाश्रयाने त्यांची कला उभी केली आणि त्यानेच ती मोडली, तरी ती त्याची बटीक कधीच नव्हती. द्विन्स्कला 1890 साली जन्मलेले, कायदा शिकणारे मिखोएल्स 1919मध्ये पेत्रोग्राडला ग्रानोव्स्की यांच्या यिडिश नाट्यशाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी ही मंडळी मॉस्कोत आली आणि तिथल्या छोट्या नाट्यगृहाच्या भिंती चित्रकार शागाल यांनी रंगवल्या. न्यूयॉर्कच्या यिडिश कंपन्या गल्ल्यावर जगत. मॉस्कोत अनुदान होते, म्हणून तालमींना सवड होती.

यावर आक्षेप असा, की अनुदान घेणारा नट सरकारचेच गाणे गाणार. प्रचारी नाटके त्यांनी केलीच, 1943मध्ये युद्धासाठी मदत मिळवायला सरकारतर्फे अमेरिकेचा दौराही केला. पण 1935चा लिअर पाहा. बुटका, बिनदाढीचा हा राजा डोक्यावर नसलेला मुकुट हाताने चाचपतो. सत्ता सोडली तरी शहाणपण आपल्याला मोठे ठेवील, ही लिअरची समजूत मिखोएल्स यांनी भूमिकेच्या गाभ्याशी ठेवली होती. स्टालिनच्या मॉस्कोत असा लिअर उभा करणे म्हणजे हुकमाची तामिली नव्हे. गॉर्डन क्रेगसारखा चोखंदळ रंगकर्मीही त्या प्रयोगाने भारावला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यिडिश बोलणारी नवी पिढी रशियनकडे वळत होती, तेव्हा हे नाट्यगृह आज ना उद्या बंद पडणारच होते. न्यूयॉर्कची यिडिश रंगभूमीही प्रेक्षकांअभावी ओसरली, हे मान्य. मात्र ती हळूहळू ओसरली. मॉस्कोत आधी अनुदान तोडले आणि 1949मध्ये नाट्यगृहाला टाळे लावले. लिअरमधला विदूषक झालेल्या झुस्किन यांना 1952मध्ये गोळ्या घातल्या. शिवाय 1936च्या ‘सर्कस’ या लोकप्रिय चित्रपटात अंगाईचे एक कडवे मिखोएल्स यिडिशमध्ये गातात. त्यांच्या मृत्यूनंतर चित्रपट राहिला, ते कडवे मात्र कापले गेले. त्या चित्रपटाला तर प्रेक्षकांची वाण कधीच नव्हती.