ड्यूररची नाममुद्रा

स्वतःच्या आद्याक्षरांतून स्वतःची खूण घडविण्याची प्रथा आजची नव्हे. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याची नाममुद्रा हा तिचा ठळक दाखला होय. न्यूरेंबर्गच्या एका सोनाराचा हा पुत्र प्रथम पित्याच्याच कर्मशाळेत शिकला. त्याने 'ए' हे रोमन अक्षर कमानीसारखे रुंद केले आणि त्याच्या दोन पायांमध्ये लहानसा 'डी' बसविला. १५०० सालच्या त्याच्या आत्मचित्रावर वर्षाच्या आकड्यासह हीच मुद्रा दिसते.

ड्यूररची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे दूरदूर विकली जात. तेथे चित्रकार स्वतः उपस्थित नसे; त्याची मुद्राच त्याच्या वतीने साक्ष देई. म्हणूनच तिची चोरी होऊ लागली. इटलीत मार्कान्तोनियो राइमोंडी याने ड्यूररची चित्रे मुद्रेसकट कोरली. १५१२ मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरसभेने एका परक्या विक्रेत्यास बनावट मुद्रा काढून टाकण्याची आज्ञा केली; न पाळल्यास चित्रे जप्त होणार होती.

या निवाड्याचा रोख खोट्या साक्षीवर होता. अक्षरांची गुंफण कोणासही साधेल. परंतु केलेल्या कामाचे उत्तरदायित्व जो स्वीकारतो, त्याच्याच हातून ती नाममुद्रा ठरते.