‘ससून’ : एका आडनावाचा प्रवास

‘ससूनमध्ये दाखल केले’ हे वाक्य पुण्यात कोणीही सहज उच्चारतो. मुंबईत कुलाब्याच्या बाजूला ‘ससून’ म्हटले की पहाटेचा मासळीबाजार आणि गोदी डोळ्यांसमोर येते. हा शब्द मराठीच्या इतका अंगवळणी पडला आहे की तो मुळात एका माणसाचे नाव होता, याचे भान उरलेले नाही. तो माणूस भारतात कधी आलाही नाही. प्रस्तुत लेखात या आडनावाची घडण आणि ते धारण करणाऱ्या घराण्याचे स्थलांतर यांचा एकत्रित विचार करावयाचा आहे. आडनाव हे इतिहासाचे साधन म्हणून किती विश्वासार्ह असते, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

हिब्रू भाषेत ‘ससोन’ या शब्दाचा अर्थ आनंद. घराण्याच्या कुळकथेनुसार मात्र हे नाव बाराव्या शतकातील स्पेनमध्ये, तोलेदो येथे प्रतिष्ठा पावलेल्या ‘इब्न शोशान’ या कुळापर्यंत जाते. ‘शोशान’ म्हणजे कमलिनीसारखे एक फूल. हिब्रू लिपीत ‘स’ आणि ‘श’ यांना एकच अक्षर असल्यामुळे हे दोन्ही शब्द त्याच चार अक्षरांचे बनतात. फरक केवळ क्रमाचा आहे. कुळकथेला एवढा आधार मोहक वाटतो. परंतु अक्षरसाम्यावरून सहा-सात शतकांच्या पिढ्या जोडता येत नाहीत. भाग्योदय झालेल्या घराण्याला प्राचीन मूळपुरुषाची गरज भासते, हे आपल्याकडील वंशावळी चाळणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

निश्चित भूमीवर आपण येतो ते बगदादमध्ये. ससून बेन सालेह (1750-1830) हे तेथील ज्यू समाजाचे प्रमुख आणि उस्मानी सुभेदाराचे सराफ होते. ‘बेन सालेह’ म्हणजे सालेहचा मुलगा. येथे ‘ससून’ हे व्यक्तिनाम आहे, आडनाव नव्हे. बगदादमध्ये ते पुढेही व्यक्तिनाम म्हणून चालत राहिले. 1921 मध्ये इराकचे पहिले अर्थमंत्री झालेले ससून एस्केल यांचे उदाहरण पुरेसे आहे. म्हणूनच हे नाव दिसले की तेच घराणे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. लंडनचे प्रसिद्ध केशरचनाकार विडाल ससून यांचे पितृकुळ सालोनिकाचे. बगदादच्या या घराण्याशी त्यांचे नाते नव्हते.

सुभेदार दाऊद पाशाच्या जाचामुळे 1830 च्या सुमारास ससून बेन सालेह यांचे पुत्र डेव्हिड (1792-1864) यांना बगदाद सोडावे लागले. इराणच्या आखातावरील बुशहर बंदरात त्यांनी आश्रय घेतला. वृद्ध वडील तेथेच निवर्तले. 1832 मध्ये डेव्हिड सहकुटुंब मुंबईत आले. बगदादी रीतीने ते ‘ससूनचे पुत्र डेव्हिड’ होते. त्याच रीतीने त्यांच्या मुलांची नावे पुढे ‘डेव्हिड’ या पितृनामाने ओळखली जावयास हवी होती. तसे झाले नाही. ज्या वर्षी कुटुंब मुंबईत आले त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव ‘ससून डेव्हिड ससून’ असे झाले. आरंभी आजोबांवरून ठेवलेले स्वतःचे नाव, मध्ये वडिलांचे आणि शेवटी पुन्हा आजोबांचेच, पण आता आडनाव होऊन. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही मांडणी मराठी वाचकाला परिचित आहे. वंशनामाची हलती साखळी मुंबईच्या व्यापारी जगात एका कडीपाशी थांबली, आणि परदेशात मृत्यू पावलेला एक पिता साऱ्या वंशाचे आडनाव झाला.

येथे कोकणातील बेने इस्रायल समाजाशी तुलना उद्बोधक ठरते. धर्म एकच, परंतु त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर अशी गावांवरून पडली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ‘कर’ प्रत्यय माणूस कोठला हे सांगतो; ‘ससून’ हे आडनाव तो कोणाचा हे सांगते. भूमीत रुजलेल्या समाजाने गावाचे नाव घेतले, तर उखडल्या गेलेल्या घराण्याने पित्याचे नाव बरोबर नेले. या घराण्यात कोणी ‘बगदादकर’ झाला नाही.

मुंबईहून पुढची वाट चीनकडे गेली. डेव्हिड यांचे दुसरे पुत्र इलियास 1844 मध्ये तिकडे गेले. 1867 मध्ये त्यांनी ‘ई. डी. ससून’ ही स्वतंत्र पेढी काढली. त्यातील ‘डी’ म्हणजे वडील. कापूस आणि कापड यांबरोबरच, किंबहुना त्यांहून अधिक, या वैभवाचा पाया भारतातून चीनला जाणारी अफू हा होता. त्याच काळात हे नाव दगडात कोरले जात होते. भायखळ्याचे प्रार्थनामंदिर 1861 चे, पुण्याचे रुग्णालय 1867 चे, मुंबईचे ग्रंथालय 1870 चे, तर गोदी 1875 ची. पुण्यातील ‘लाल देऊळ’ या लोकनामाने परिचित असलेल्या प्रार्थनामंदिराच्या आवारात डेव्हिड यांची समाधी आहे. या वास्तूंचे ऋण मान्य करताना त्यांच्यामागील अफूच्या पेट्या विसरणे इतिहासाला परवडणारे नाही. दातृत्व भिंतीवर कोरले जाते. व्यापाराचा माल हिशेबाच्या वह्यांतच राहतो.

इंग्लंडमध्ये या घराण्याचा पहिला पाय 1858 मध्ये पडला, तो उपरोक्त ससून डेव्हिड यांचा. त्यानंतर व्यक्तिनामे झपाट्याने बदलली. अब्दुल्लाचे आल्बर्ट झाले, अब्राहमचे आर्थर, फराजचे फ्रेडरिक. आडनाव मात्र कोणी बदलले नाही. ससून डेव्हिड यांचे नातू, पहिल्या महायुद्धातील कवी सिगफ्रीड लोरेन ससून (1886-1967), यांच्या नावात वडिलांचे नाव उरलेच नाही. त्यांच्या ख्रिस्ती आईने ‘सिगफ्रीड’ हे नाव वाग्नरच्या संगीतनाट्यावरून घेतले. ज्यू धर्मपरंपरेत वंश आईकडून गणला जातो. त्यामुळे बगदादचे आडनाव लावणारा हा कवी त्या परंपरेच्या दृष्टीने ज्यू नव्हता.

याउलट ज्या स्त्रियांनी हा वारसा चालविला त्यांच्याविषयी आडनाव एक तर मौन बाळगते किंवा दिशाभूल करते. मुंबईत जन्मलेल्या रेचेल (1858-1927) यांनी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘संडे टाइम्स’ या दोन्ही पत्रांचे संपादन केले, परंतु विवाहानंतर त्या ‘बीअर’ झाल्या. फ्लोरा (1859-1936) यांनी पती सॉलोमन यांच्या निधनानंतर 1894 पासून मुंबईची पेढी सांभाळली. त्यांचे ‘ससून’ हे आडनाव पतीकडून आलेले दिसते. प्रत्यक्षात त्या आईकडून डेव्हिड यांच्या पणती होत्या. हे नाते त्यांच्या नावावरून कळणारे नाही.

इलियास यांचे पुत्र जेकब यांनी 1884 मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात वडिलांच्या नावाचे प्रार्थनामंदिर उभारले. 1909 मध्ये त्यांना मिळालेला वंशपरंपरागत ब्रिटिश किताब ‘मुंबईचे’ या स्थलनामासह होता. गावाचे नाव न घेतलेल्या घराण्याला ते अशा रीतीने पंचाहत्तरहून अधिक वर्षांनी मिळाले. हा किताब अखेरीस व्हिक्टर ससून यांच्याकडे आला. 1929 मध्ये शांघायच्या नदीकाठी भव्य हॉटेल उभारणारे हे गृहस्थ. 1949 च्या क्रांतीनंतर तेथील साम्राज्य हातचे गेले. 1961 मध्ये बहामा बेटांवर त्यांचे निपुत्रिक निधन झाले आणि त्यांच्याबरोबर तो किताबही संपला.

आडनाव वंशाची एकच ओळ दाखविते. मातृकुळे, अफूचे खरेदीदार आणि ज्या मुलखांतून माणसे हुसकावली गेली ते मुलूख त्या ओळीत बसत नाहीत. म्हणून संशोधकाने आडनावापासून आरंभ करावा, तेथे थांबू नये. पुण्याच्या रुग्णालयात आजही रोज उच्चारले जाणारे नाव दात्याचे आहे अशी आपली समजूत असते. ते दात्याच्या वडिलांचे आहे. बुशहरमध्ये निर्वासित म्हणून डोळे मिटलेल्या एका वृद्ध सराफाचे.