पोळ्यातील धोक्याचा वास

काही वर्षांपूर्वी सुरतेस आमच्या शाळेमागील पिंपळावर आग्या मोहोळ बसले होते. एका विद्यार्थ्याने त्यास धोंडा मारला. मुलांना आत लोटीत असता एक माशी माझ्या मनगटास डसली. मी ती तेथेच चिरडली. तोच दहाबारा माश्या त्याच मनगटावर तुटून पडल्या. वृद्ध शिपाई ओरडला, "मास्तर, चिरडू नका, वास सुटतो!" एक मुलगा त्या दिवशी तापाने फणफणला. विज्ञान शिकविणाऱ्या मला एवढे ठाऊक नसावे, ह्याची लाज अजून वाटते.

वस्तुतः ही गोष्ट फार जुनी. १६०८ साली हॉकिन्सचे जहाज सुरतेच्या बंदराबाहेर नांगरले; पुढल्याच वर्षी इंग्लंडातील चार्ल्स बटलर ह्या खेड्यातल्या पाद्र्याने मधमाश्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. डंखाच्या वासाने इतर माश्या धावून येतात, तेव्हा दंश होताच दूर व्हावे, असे त्याने बजावले आहे. नंतर अंध संशोधक ह्यूबर ह्याने केवळ नांगीच्या वासानेही माश्या खवळतात हे दाखविले. तो वास आयसोअमिल अॅसिटेटचा, पिकल्या केळ्यासारखा, हे १९६२ साली कॅनडातील संशोधकांनी सिद्ध केले. पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली तीही त्याच वर्षी.

परंतु पोळ्यात दुसरेही रहिवासी असतात. साठविलेल्या परागावर जगणारे, कोळ्याच्या कुळातील अतिसूक्ष्म जीव, ज्यांस माइट म्हणतात, तेथे आढळतात. (सातेरी माशीच्या अंगावर पोसणारा व्हरोआ निराळा; त्याचे वर्णन औडेमान्सने १९०४ साली जावातील नमुन्यांवरून केले.) ह्या परागभक्षकांपैकी एकास चिरडले की शेजारचे पळ काढतात. १९७५ साली जपानमध्ये कुवाहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका जातीतील तो इशारा नेरिल फॉर्मेट ह्या द्रव्याचा असल्याचे शोधले. पुढे इतर काही जातींत तेच काम सिट्रल करते असे दिसून आले.

आता गंमत पाहा. सिट्रल म्हणजे आपल्या गवती चहाचा सुवास. मधमाशीही तिच्या पोटाच्या टोकाजवळील ग्रंथीतून तो सोडते. पण तो हाकेचा असतो, भयाचा नव्हे. वाट चुकलेल्या भगिनींना ती पोळ्याकडे बोलावीत असते. एकाच छपराखाली, एकाच वासाने एक जीव घरी येतो व दुसरा घर सोडून पळतो.

शिपायाला मी हे सांगितले. तो म्हणाला, "मग चहात टाका की थोडा."